नाव पुसलेली स्लाइड: वनस्पती पेशी की प्राणी पेशी?

प्रकरण आठवीच्या प्रॅक्टिकलचं आहे, कोल्हापुरातल्याच एका शाळेतलं, जिथं मी विज्ञान शिकवते. विषय नेहमीचाच. कांद्याची पातळ साल एका काचेवर, गालाच्या आतून हलकं खरवडून काढलेलं दुसऱ्या काचेवर, दोन्ही मायक्रोस्कोपखाली बघायचं, वहीत चित्र काढायचं, खाली वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यातल्या फरकाचा तक्ता लिहायचा, माझी सही, झालं. दरवर्षी कुणीतरी हवेचा बुडबुडाच पेशी म्हणून काढतं, काळी जाड गोल किनार मस्त गिरवून, आणि आत केंद्रक पण टाकतं जे तिथं नसतंच. त्याची आता सवय झालीय. यंदा मात्र एका स्लाइडवरून वर्गात दोन तट पडले आणि ते भांडण मिटवायला जे जे करावं लागलं ते मला तक्त्यापेक्षा जास्त कामाचं वाटलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

झालं असं की मिथिलीन ब्लूची बाटली सुकून गेलेली आणि नवीन अजून यायची होती, म्हणून सगळ्याच स्लाइडना आयोडीन लावलं. चालतं तसं, गालाच्या पेशीचं केंद्रक आयोडीननं पण दिसतं, फक्त निळ्याऐवजी पिवळट तपकिरी. पण त्यामुळं रंगावरून कांद्याची कुठली आणि गालाची कुठली हे सांगायची सोय गेली. त्यात पोरांनी काचेवर नावं लिहिली होती स्केचपेननं, आणि लॅबच्या मामांनी ट्रेमध्ये सांडलेलं पाणी फडक्यानं टिपताना नावंही टिपली. मामा म्हणाले, "मॅडम, एवढं काय त्यात, बघून कळंल की." आणि खरंच बहुतेक कळल्या. कांदा ओळखायला काही लागत नाही, लांबट पेशी, मधे जागा न सोडता एकीला एक चिकटून रांगेत. गालाच्या पेशी पसरट, कडा वेड्यावाकड्या, मधोमध एक ठिपका, एकमेकींवर चढलेल्या. राहिली एकच स्लाइड.

तिच्यावर गोल गोल सुट्या पेशी होत्या. काही जरा लांबट, पण कोपरे कुणालाच नाहीत. रांगा नाहीत. हिरवं काही नाही. सगळं आयोडीननं पिवळट झालेलं, काहींत कडेला सरकलेलं केंद्रक, आत कसले तरी बारीक कण, आणि काळंनिळं कुठंच नाही म्हणजे स्टार्चही नाही.

पोरांनी वहीतला तक्ता काढला आणि एकेक ओळ लावायला सुरुवात केली. आकार गोल, म्हणजे प्राणी. हरितलवक नाही, म्हणजे प्राणी. पेशीभित्तिका (पेशीभोवतीची कडक भिंत) दिसत नाही, म्हणजे प्राणी. रिक्तिका, म्हणजे पेशीतली रसाची पिशवी, मोठी आहे का लहान ते कळेना. तारककाय (पेशी विभागताना कामाला येणारा बारीक भाग) तर कुणालाच दिसलं नाही पण एकानं "असंल की आत कुठंतरी" म्हणून त्याच्यापुढं बरोबरची खूण करून टाकली. वर्गातला मोठा गट प्राणी पेशीच्या बाजूनं. तालमीत जाणारा एक पोरगा आहे, आवाज मोठा त्याचा, तो म्हणाला, "मॅडम, हिरवं कायच न्हाय ह्यात, सरळ प्राणीच हाय की."

मी म्हटलं, कांद्याच्या सालीत हिरवं कुठं दिसलं तुला? जरा शांतता. मग, "पण कांदा वनस्पतीच की ओ, मंडईतनं आणलाय."

म्हणजे कांदा वनस्पती आहे हे त्याला मायक्रोस्कोपनं नाही, मंडईनं सांगितलं होतं. इथंच मला वाटलं की ह्या स्लाइडचा निकाल मी सांगायचा नाही. (खरं तर तेव्हा मलाही ती कशाची आहे हे ठामपणे सांगता आलं नसतं, अंदाज होता एवढंच.)

हिरव्याचं आधी निपटवू. हरितलवक म्हणजे प्रकाशसंश्लेषणाचं यंत्र, ते जिथं उजेड पोचतो तिथं झाडाला उपयोगाचं. आपण कांदा म्हणून जे चिरतो ती जमिनीत राहून अन्न साठवणारी पानं, त्यांच्या सालीत हरितलवकं नसतात. त्याच कांद्याची वरची हिरवी पात घ्या, आतल्या पेशी हरितलवकांनी भरलेल्या. झाडाच्या मुळांमध्ये नाहीत, बटाट्यात नाहीत, पण बटाटा उजेडात ठेवला की साल हिरवी पडते हे प्रत्येकाच्या घरात दिसतं. त्यामुळं हिरवं दिसलं तर आपल्या ह्या दोन गटांपुरतं वनस्पती म्हणायला हरकत नाही, पण नाही दिसलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तक्त्यात मात्र "आहे" आणि "नाही" हे दोन शब्द शेजारशेजारच्या रकान्यात एकाच वजनाचे दिसतात, आणि पोरं त्या "नाही"वर सगळा भार टाकून मोकळी होतात.

पुढची गंमत केली ती बावड्याहून येणाऱ्या एका मुलीनं. ती बराच वेळ आयपीसला डोळा लावून बसली होती. "मॅडम, आम्ही मघापासनं बघालोय, ही पेशी लई मोठी हाय. गालाची असली तर गाल केवढा असंल?" सगळे हसले, पण मुद्दा पक्का होता. मी विचारलं, मोठी म्हणजे किती? "मोजतो की," म्हणाली.

मोजायची सोपी रीत आहे, कुणालाही जमते. प्लास्टिकची पारदर्शक पट्टी स्लाइडच्या जागी ठेवायची आणि किती मिलिमीटर दिसतात बघायचे. आमच्या मायक्रोस्कोपला १० पट आयपीस आणि १० पट ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे १०० पट मोठं करून बघताना पट्टीचं एक घर पूर्ण आणि दुसरं साधारण पाऊण दिसतं. म्हणजे गोलाची रुंदी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. त्या गोलात भांडणातल्या पेशी आडव्या पाचच मावत होत्या. पावणेदोन भागिले पाच, ०.३५ मिलिमीटर. गालाची पेशी बघितली तर ती ०.०६ च्या घरात, म्हणजे तेवढ्याच गोलात तीसेक तरी मावतील. कांद्याची पेशी लांबीला ०.२ ते ०.४. म्हणजे ही अनोळखी पेशी गालाच्या जवळजवळ सहापट मोठी निघाली, आणि गालाची तर नक्कीच नव्हती.

पण तालीमवाला ऐकतोय होय. "गालाची नसंल, दुसऱ्या कशाची तरी असंल. अंडं एकच पेशी असतंय, तुम्हीच सांगितलं." हे पण बरोबर. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक ही मुळात एकच पेशी. माणसाची अंडपेशी ०.१ मिलिमीटरची, नुसत्या डोळ्याला ठिपक्याएवढी दिसावी इतकी. कंबरेपासून पायापर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू तर जवळजवळ मीटरभर लांब, जाडीला मात्र अगदी सूक्ष्म. "वनस्पती पेशी मोठी, प्राणी पेशी लहान" ही ओळ बऱ्याच गाइडांत छापलेली असते, सर्वसाधारणपणे ती खरी आहे, पण एका पेशीचा निकाल लावायला तिचा उपयोग नाही. आकारमानानं संशय तयार झाला, पुरावा नाही.

मग मिठाच्या पाण्याची कल्पना पुढं आली. परासरण आणि रससंकोच नुकतंच शिकवलं होतं. पेशी खारट पाण्यात ठेवली की आतलं पाणी बाहेर जातं. वनस्पती पेशीत आतलं सगळं आकसून गोळा होतं पण भित्तिका जागची हलत नाही, त्यामुळं दोघांच्या मधे रिकामी फट दिसते. ती फट दिसली की भित्तिका आहे. प्राणी पेशीला भित्तिकाच नाही त्यामुळं ती आकसली तर अख्खीच आकसणार, फट कशाशी पडणार? कल्पना चांगलीच होती. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवलं, कव्हरस्लिपच्या एका बाजूला थेंब सोडला, दुसऱ्या बाजूला टिपकागद लावून पाणी ओढून घेतलं. वाट बघितली. काही झालं नाही. आणखी थांबलो, तरी काही नाही.

"बघा मॅडम, फट न्हाय. भिंतच न्हाय. प्राणी." निम्मा वर्ग टाळ्या वाजवायच्या बेतात.

मी म्हटलं हेच मीठ आता त्या कांद्याच्या स्लाइडला लावा, जी कांद्याची आहे याबद्दल कुणाची तक्रार नाही. लावलं. तिथंही फट पडली नाही. आता आली का पंचाईत, कारण ह्या हिशोबानं कांदाही प्राणी ठरायला लागला.

मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची जागा ही. चाचणी अनोळखी वस्तूवर करायच्या आधी ओळखीच्या वस्तूवर करून बघायची, नाहीतर चाचणी चालतेय का बिघडलीय हेच कळत नाही. आणि इथं ती बिघडली होती आयोडीनमुळं. पाणी आत सोडायचं आणि साखर-मीठ अडवायचं हे निवडक काम प्रद्रव्यपटल (भित्तिकेच्या आतलं पेशीचं पातळ आवरण) करतं, आणि ते फक्त जिवंत पेशीतच जमतं. आयोडीननं पेशी मरते, पटल गळकं होतं, मीठ सरळ आत शिरतं, मग आत-बाहेर फरकच राहत नाही तर पाणी कशाला बाहेर पडेल. तेव्हा रंगवलेल्या स्लाइडवर मीठ टाकून "फट नाही" म्हणणं म्हणजे ती पेशी मेलेली आहे एवढंच सांगणं.

ताजं करून बघायला लाल कांदा घेतला. त्याच्या बाहेरच्या बाजूची जांभळी साल, रंगवायची गरजच नाही कारण जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसातच असतो. साध्या पाण्यात बघितलं तर पेशी काठोकाठ जांभळ्या. मीठ सोडल्यावर काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटायला लागला, आत आत सरकत गेला आणि भित्तिकांची चौकट तशीच उभी राहिली. पोरं अक्षरशः ढकलाढकली करायला लागली आयपीससाठी. मग मीठ धुवून परत साधं पाणी सोडलं तेव्हा बऱ्याच पेशी पुन्हा भरल्या. रिक्तिका किती मोठी असते हे सांगावं लागलं नाही, पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीचा ९० टक्क्यांपर्यंत भाग तिनं व्यापलेला असू शकतो आणि केंद्रक बिचारं कडेला ढकललं जातं. तक्त्यातलं "मोठी रिक्तिका" हे शब्द मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिते, पण त्या जांभळ्या रंगानं जे झालं ते खडूनं होत नाही.

एकीनं विचारलं की मग नुसत्या पाण्यात कांदा फुटत का नाही, पाणी आत जातच असेल की. जातंच. पण आतून दाब वाढला की भित्तिका तो झेलते आणि एका मर्यादेनंतर पाणी आत घेणं थांबतं. भाजीवाल्या मावशी पालेभाजीवर पाणी मारतात आणि ती ताठ दिसते ती ह्याच दाबामुळं. आपल्या तांबड्या रक्तपेशीला हे जमत नाही, शुद्ध पाण्यात ती फुगते आणि फुटते, म्हणून दवाखान्यात शिरेतून साधं पाणी देत नाहीत, ०.९ टक्के मिठाचं सलाइन देतात. रक्ताची स्लाइड मी वर्गात करत नाही, सुया टोचणं नको, तोंडीच सांगितलं.

आता परत आपल्या स्लाइडकडे. ती मेलेली, मिठाचा उपयोग नाही. मग भित्तिका आहे का नाही ते सरळ डोळ्यानं बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ४०० पटीवर नेलं, उजेड कमी केला (हे विसरू नका, भगभगीत उजेडात पातळ कडा हरवून जातात, आमच्या आरशाच्या मायक्रोस्कोपला तर खालचा पडदा अर्धा बंद करावाच लागतो). तेव्हा पेशीची कडा एका रेघेची नाही, दोन समांतर रेघांची दिसली. जाडी असलेली कडा. आणि प्रद्रव्यपटलाला अशी जाडी कधीच दिसणार नाही, कारण ते फक्त ७-८ नॅनोमीटरचं असतं आणि प्रकाशावर चालणारा कुठलाही साधा मायक्रोस्कोप साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं करून दाखवू शकत नाही. गालाच्या पेशीत आपण जिला पटल म्हणून बाण दाखवतो ती खरं तर पेशी जिथं संपते ती कडा. पटल म्हणून काही दिसत नाही तिथं. वहीत दोन रेघा काढायच्या म्हणून आपण काढतो.

पक्कं करायला कव्हरस्लिपवर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हळूच दाबलं. काही पेशी फुटल्या, आतलं बाहेर वाहून गेलं आणि मागं चुरगळलेलं, घड्या पडलेलं पातळ आवरण राहिलं, रिकाम्या पोत्यासारखं. गालाच्या पेशीवर तेच केलं तर असं काही मागं राहत नाही. तालीमवाला पण गप झाला.

शिवाय आयोडीन धुवून काढल्यावर ते बारीक कण नारिंगी-लाल दिसायला लागले. लवकंच ती, फक्त हिरवी नाहीत, लाल. तेवढ्यात मागच्या बाकावरून कबुली आली. "मॅडम, मी डब्यातल्या टोमॅटोचा गर लावलेला. कांदा संपला होता आमच्या गटाचा."

टोमॅटो. पिकलेला. आणि मग सगळं जुळलं. हिरव्या टोमॅटोत हरितलवकं असतात, पिकताना त्यांचीच वर्णलवकं होतात आणि लायकोपिन नावाचं लाल रंगद्रव्य साठतं. कच्च्या फळातला स्टार्चही पिकेपर्यंत साखरेत गेलेला, म्हणून आयोडीननं काळंनिळं काही झालं नाही. आणि गोल का? तर शेजारच्या दोन पेशींना चिकटवून ठेवणारा जो पेक्टिनचा थर असतो तो फळ पिकताना विकरांनी (एन्झाइमनी) विरघळत जातो, फळ मऊ पडतं ते बरंचसं त्यामुळंच. पेशी एकमेकींपासून सुटतात, आणि सुटी झालेली पेशी आतल्या दाबानं गोल होते. कोपरे हे तिचे स्वतःचे नव्हतेच, शेजारणींनी दाबून पाडलेले होते. तिकडं गालाच्या पेशी एका थरात दाटीवाटीनं राहतात म्हणून त्यांच्या कडा पुष्कळदा कोनाकोनाच्या, एकानं तर गालाच्या पेशीला षटकोनी म्हणून वनस्पतीच्या रकान्यात टाकलं होतं. तेव्हा "आयताकृती" आणि "गोल" ही तक्त्यातली पहिली ओळ, जी पोरांना सगळ्यात आधी पाठ होते, तीच ओळखायच्या कामाला सगळ्यात कच्ची.

ह्यानंतरचा तास मी तक्त्यावरच घेतला. माझं मत असं झालंय की त्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी एका पातळीच्या नाहीत. भित्तिका ही एक ओळ काढा आणि बाकीच्या कितीतरी तिच्यातूनच निघतात. भित्तिका आहे म्हणून आत एवढा दाब सहन होतो, दाब सहन होतो म्हणून मोठी रिक्तिका परवडते, आणि हाडं नसतानाही झाडाची कोवळी फांदी ताठ राहते. भित्तिका आहे म्हणून वनस्पती पेशी सरपटत जाऊन कुणाला गिळू शकत नाही, आपली पांढरी रक्तपेशी मात्र जंतूला वेढून आत घेते. विभाजनाच्या वेळी प्राणी पेशी मधे आवळली जाते आणि दोन तुकडे होतात, भित्तिकेत बंद पेशी आवळणार कशी, म्हणून ती आतच मधोमध नवी पट्टी रचत बाहेरच्या भित्तिकेपर्यंत नेते. ह्या चार गोष्टी पोरं चार वेगवेगळे मुद्दे म्हणून पाठ करतात. एकच आहे ते.

कोल्हापुरात हे समजावायला उसाइतकं सोपं काही नाही. ऊस खाताना आपण रस गिळतो आणि चोथा थुंकतो. साखर उसाच्या कांड्यातल्या साठवण पेशींच्या रिक्तिकेत असते, म्हणजे गोड लागतं ते मुख्यतः रिक्तिकेतलं पाणी, आणि थुंकतो त्या भित्तिका, सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन. गुऱ्हाळावर घाण्यातून ऊस काढतात तेव्हा तेच मोठ्या प्रमाणावर होतं, रिक्तिका काहिलीत आणि भित्तिका चुलवाणात, चिपाडं वाळवून त्याच काहिलीखाली जळण. वर्गात दोघातिघांच्या घरची गुऱ्हाळं आहेत, त्यांना हे सांगताना माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत होतं.

लगेच प्रश्न आला की प्राणी पेशीला भित्तिका नाही तर मटणाला एवढ्या शिट्ट्या का द्याव्या लागतात. चांगला प्रश्न. मटण चिवट असतं ते पेशींच्या भित्तिकेमुळं नाही, पेशींच्या बाहेर, स्नायूंच्या मधे जी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची जाळी असते तिच्यामुळं. ते पाण्यात बराच वेळ शिजलं की त्याचं जिलेटिन होतं, अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखटाचं सूप, गार झाल्यावर थिजून थरथरते ती त्यामुळंच. आणि हो, स्नायूची पेशीही गोल नसते, लांबच लांब दोऱ्यासारखी आणि एकाच पेशीत अनेक केंद्रकं. तक्त्यातल्या गोल प्राणी पेशीला भेटायचं तर भेटणार कुठं हाच प्रश्न आहे.

उरलेल्या ओळींबद्दल थोडक्यात. तारककाय आणि लयकारिका (पेशीतल्या पचनाच्या पिशव्या) ह्या दोन्हीवर शाळेच्या मायक्रोस्कोपनं काही ठरवता येत नाही. तारककायातलं तारककेंद्र जेमतेम ०.२ मायक्रोमीटर जाडीचं, दिसायच्या सीमेवरच. त्यातही सपुष्प वनस्पतींत ते नसतं हे खरं, पण शेवाळासारख्या दिसणाऱ्या मॉस आणि नेच्यांच्या पोहणाऱ्या नरपेशींत ते असतं, म्हणजे "वनस्पतीत नसते" हे सरसकट नाही. लयकारिकांचं पचवायचं काम वनस्पतीत बरंचसं रिक्तिकाच करते. आणि सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते तंतुकणिकेचं. पुष्कळ पोरांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की वनस्पतीला हरितलवक आणि प्राण्याला तंतुकणिका. तसं नाही. तंतुकणिका दोघांनाही. हरितलवक साखर बनवतं, पण ती साखर वापरून पेशीला लागणारी ऊर्जा काढायची तर तंतुकणिका पाहिजेच, आणि कांद्याच्या मुळाला तर हरितलवक नाहीच, ते कशावर जगेल?

ह्या गोंधळाला इतिहास आहे हे मी मुद्दाम सांगितलं. रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाचा काप बघितला तेव्हा त्याला दिसलं ते फक्त भित्तिकांचं जाळं, पेशी कधीच मेलेल्या. केंद्रकाला त्याचं महत्त्व आणि नाव मिळालं ते रॉबर्ट ब्राउनकडून १८३१ मध्ये, तेही ऑर्किडच्या पेशीत. श्लायडेननं १८३८ ला सांगितलं की वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात, आणि प्राण्यांबद्दल तेच म्हणायला श्वान १८३९ ला पुढं आला. प्राण्यांचं मागं पडायचं एक मोठं कारण हेच की भित्तिका नसल्यामुळं न रंगवलेल्या ऊतीत एक पेशी कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते ते दिसतच नव्हतं. श्वानला धागा सापडला तो बेडकाच्या पिलांतल्या पृष्ठरज्जूच्या (पाठीतल्या आधाराच्या दांड्याच्या) आणि कूर्चेच्या (मऊ हाडाच्या) पेशींत, कारण त्यांच्या कडा ठळक असतात आणि त्या दिसायला वनस्पती पेशींसारख्या असतात. श्लायडेनशी जेवताना केंद्रकाबद्दल बोलणं झालं आणि त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली असं सांगतात. म्हणजे दोन्हींतला फरक शोधायच्या आधी माणसांना दोन्हींतलं साम्य शोधायलाच पावणेदोनशे वर्षं लागली.

आता व्यवहाराचं बोलू. एका वडिलांनी पालकसभेत सरळ विचारलं, "मॅडम, पेपरात फरक स्पष्ट करा असंच येतंय ना, मग टोमॅटोचं कशाला?" त्यांचं चूक नाही. पेपरात फरक विचारतात आणि मार्क रकान्यातल्या ओळींना मिळतात. मी पोरांना सांगितलंय की पेपरात तक्ताच लिहा, भित्तिका आहे-नाही, हरितलवक आहे-नाही, रिक्तिका मोठी-लहान, सगळं पुस्तकातल्या क्रमानं. पण प्रॅक्टिकलच्या वहीत आता तक्त्याशेजारी एक जादा रकाना ओढायला लावते, "हे मी स्लाइडवर बघितलं का?" बहुतेकांच्या त्या रकान्यात दोन किंवा तीनच ठिकाणी हो येतं, आणि ते तसंच राहू दे म्हणते. चाचणीत एक प्रश्नही घातला: गोल, रंगहीन, सुटी पेशी दिली आहे, वनस्पतीची की प्राण्याची हे ठरवायला काय कराल, क्रमानं लिहा. उत्तरं फार एकसारखी आली नाहीत, ते बरंच झालं. बावड्याच्या मुलीनं पहिली ओळ लिहिली होती, "आधी पेशी जिवंत आहे का बघणार." पूर्ण मार्क दिले. तालीमवाल्यानं लिहिलं, "वर्गात विचारणार कुणी डब्यात काय आणलंय." त्यालाही अर्धा दिला, पुरावाच आहे तो पण.

लॅबमध्येही बदल केले. स्केचपेन बंद, काचेच्या कडेला कागदी चिकटपट्टी आणि त्यावर पेन्सिल. मिथिलीन ब्लू आलंय. प्रत्येक गटानं एक न रंगवलेली स्लाइडही ठेवायची, मिठासाठी.

प्रकरण इथं मिटलं असतं, पण गेल्या आठवड्यात त्याच टोमॅटोवाल्यानं प्लास्टिकच्या डबीत मशरूम आणलं. भित्तिका आहे. हिरवं नाही. आयोडीननं काळंनिळं होत नाही. मग ही वनस्पती का? म्हटलं नाही, पण प्राणीही नाही. बुरशीच्या भित्तिकेत सेल्युलोजऐवजी कायटिन असतं, जे झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असतं, आणि ती अन्न साठवते ग्लायकोजेनच्या रूपात, आपल्या यकृतासारखं. म्हणजे आमची "भित्तिका असली की वनस्पती" ही ओळ पण दोनच गट समोर असतील तोवरच खरी, तिसरा आला की मोडली. त्यानं लगेच विचारलं की कायटिन आणि सेल्युलोज यातला फरक शाळेच्या लॅबमध्ये कशानं कळेल. सध्या तरी आमच्याकडे आयोडीन, मिथिलीन ब्लू आणि मीठ एवढंच आहे आणि त्यातल्या कशानंच ते होणार नाही, एवढं त्याला सांगून ठेवलंय. मशरूमचा काप मात्र त्यानं ब्लेडनं चांगला पातळ काढला होता, त्यात लांब लांब धागे दिसले, कांद्यासारख्या रांगा नाहीत आणि गालासारख्या सुट्या पेशीही नाहीत. वहीत त्यानं तक्त्याला तिसरा रकाना स्वतःच ओढलाय, अजून त्यात तीनच ओळी भरल्यात.